रंगपेटीतला गनीम

१९३३ पूर्वी महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र सर्वत्र छापले जात होते, ते महाराजांचे नव्हते. मनुचीने करवून घेतलेल्या चित्रांपैकी ते एक होते आणि त्यातला माणूस इब्राहिम खान नावाचा मुसलमान सरदार होता. वा. सी. बेंद्रे यांनी डचांच्या कागदपत्रांतून महाराजांचे समकालीन चित्र शोधून ते १९३३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ही गोष्ट लोकांसमोर आली. तोपर्यंत ते चित्र पाहणाऱ्या, छापणाऱ्या, त्याला हार घालणाऱ्या कोणाच्याही मनात शंका आली नव्हती.

इतिहासकार या हकिकतीची नोंद एक दुरुस्ती म्हणून करतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. हा माणूस मुसलमान आहे हे इतक्या वर्षांत कोणाला का ओळखता आले नाही? उत्तर सोपे आहे. ओळखण्यासारखे त्यात काही नव्हतेच. सतराव्या शतकातल्या दख्खनी सरदाराचा पोशाख म्हणजे जामा, कमरेला पटका, त्यात खोचलेली कट्यार, डोक्याला पगडी. हिंदू असो, मुसलमान असो, दरबारात उभा राहिला की असाच दिसे. दाढी दोघांनाही. महाराजांना दाढी, अफजलखानाला दाढी, औरंगजेबाला दाढी. मोगल दरबारात एक रिवाज होता, हिंदूने जाम्याचे बंद डावीकडे बांधावेत आणि मुसलमानाने उजवीकडे. म्हणजे माणूस कोणत्या धर्माचा हे पाहायचे तर त्याच्या बगलेजवळची गाठ शोधावी लागे. ज्यांना हा फरक सांभाळायचा होता त्यांनाही चेहऱ्यात तो सापडला नाही, म्हणून तर गाठीचा आधार घ्यावा लागला!

आता यानंतर आमच्या मुलांच्या हातातली कोणतीही ऐतिहासिक चित्रकथा उघडावी. तिथे गाठ शोधावी लागत नाही. पान उलटताच कळते की हे आपले आणि हे त्यांचे. गाठीपासून चेहऱ्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हा या लेखाचा विषय आहे.

भारतात चित्रकथा म्हटले की पहिले नाव अमर चित्र कथेचे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या साहाय्याने ही माला सुरू केली आणि पुढे ती मराठीसह अनेक भाषांत निघाली. मालेतले ‘शिवाजी’ हे पुस्तक १९७१ चे. कथा भा. रा. भागवतांची, म्हणजे आपल्या फास्टर फेणेच्या जनकाची, आणि चित्रे प्रताप मुळीक यांची. मुळीक हे थोर रेखाटनकार, त्यांच्या रेषेत जी चपळाई आहे तिला तोड नाही. पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज पहिल्यांदा रंगवला तोही त्यांनीच, आणि त्या नायकाची कातडी चक्क हिरवी! नायकाची कातडी हिरवी असली तरी मुले त्याच्यावर जीव टाकतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमर चित्र कथेवर मुसलमानांविषयी आकस ठेवल्याचा सरसकट आरोप आम्ही करणार नाही. अकबर, बाबर, नूरजहाँ, रझिया सुलताना, चाँदबिबी, टिपू सुलतान यांच्यावर त्या मालेत पुस्तके आहेत, आणि ती पुस्तके मराठी घरांत आवडीने वाचली गेली. उर्दूत मुलांसाठी दिल्लीहून निघणाऱ्या ‘खिलौना’चा काळ संपल्यावर आमच्यातल्या कित्येकांना चित्रांतून इतिहास भेटला तो याच मालेमुळे. पण या मालेवर ज्यांनी अभ्यास केला, त्यांत नंदिनी चंद्रा यांचे २००८ चे आणि कार्लीन मॅक्लेन यांचे २००९ चे पुस्तक महत्त्वाचे आहे, त्यांनी नायकाच्या देहाचा, रंगाचा आणि जमातीचा संबंध तपासला आहे. देव व राजे उजळ किंवा निळे, राक्षस काळे व बेढब, ही वाटणी तर डोळ्यांवर येण्याइतकी ठळक आहे.

आमच्या दृष्टीने मुद्दा थोडा पुढचा आहे. केवळ या मालेतच नव्हे, तर कॅलेंडरे, गणपतीचे देखावे, फलक, शाळांच्या भिंती या सगळ्या चित्रसृष्टीत दोनच प्रकारचे मुसलमान आढळतात. एक मोगल. तो गोरा, नाकेला, हातात गुलाबाचे फूल, अंगावर मोती. दुसरा गनीम. तो अवाढव्य, डोळे बाहेर आलेले, भुवया जुळलेल्या, अंगात हिरवा अंगरखा, आणि दाढी काळीभोर व अशी काढलेली की ती त्याच्या स्वभावातूनच उगवली असावी असे वाटते. अफजलखान धिप्पाड होता हे जुन्या साधनांतच आहे, त्याला धिप्पाड काढल्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु महाराजांनाही दाढी आणि खानालाही दाढी म्हटल्यावर चित्रकाराची जी अडचण होते ती पाहण्यासारखी असते. मग महाराजांची दाढी रेखीव, टोकदार आणि खानाची जंगलासारखी. एकाच केसांच्या दोन जाती तयार कराव्या लागतात.

हे दोघे, मोगल आणि गनीम, सोडले तर तिसरा मुसलमान चित्रात नाही. तो का नाही याकडे आम्ही नंतर येतो.

आम्ही दौंडला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घर शिरूरला, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. रेल्वेमुळे या गावात नाना प्रांतांचे, नाना रंगांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरे इथे होती, तेलुगू बोलणारी माणसे आहेत, ख्रिस्ती आहेत, उत्तरेकडचे आहेत. चेहऱ्यांची इतकी विविधता आसपासच्या दुसऱ्या तालुक्यात क्वचितच दिसेल. अशा गावातली मुले माणसे कशी काढतात हे पाहावे म्हणून चित्रकलेच्या तासाला आम्ही पाचवीच्या वर्गाला सांगितले की किल्ल्यावरची लढाई काढा. वर्गातली सगळी मुले मुसलमान. बागवानांची, आतारांची, शेखांची, रेल्वेत खलाशी असलेल्यांची.

जवळपास सर्वांनी दोन सैन्ये काढली. एका बाजूला भगवे झेंडे, दुसऱ्या बाजूला हिरवे. भगव्या बाजूचे शिपाई नीट काढलेले, हिरव्या बाजूच्यांना दात आणि दाढ्या. एका मुलाने दुश्मनाच्या सरदाराला अशी दाढी काढली होती की आम्हाला त्याचे आजोबा आठवले. ते रोज त्याला शाळेत सोडायला येतात आणि अशीच मोठी, मेंदी लावलेली दाढी राखतात. आम्ही विचारले, “हा असा का काढलास रे?” त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू हे विचारायचे कारणच नाही. म्हणाला, “सर, दुश्मन ऐसाच रहता.”

त्या मुलाला रागावण्यासारखे काही नव्हते. त्याने जे पाहिले ते काढले. आजोबांचा चेहरा त्याने घरी पाहिला आणि दुश्मनाचा चेहरा पुस्तकांत व फलकांवर. दोन्ही एकच आहेत हे त्याच्या ध्यानात आलेले नाही. ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी तो काय करील, ही काळजी मात्र आम्हाला आहे.

त्याच तासाची आणखी एक गोष्ट. रंगपेटीतला फिकट गुलाबी तेलखडू मुले ‘स्किन कलर’ म्हणून मागतात. वर्गात त्या रंगाची कातडी एकाचीही नाही, शिक्षकांचीही नाही. अमेरिकेत क्रेओला कंपनीच्या खडूंमध्येही असाच एक रंग ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, या नावाने होता. तिथे काळ्या लोकांच्या हक्कांची चळवळ जोर धरत असताना १९६२ मध्ये कंपनीने त्याचे नाव बदलून ‘पीच’ केले. याच कंपनीच्या दुसऱ्या एका खडूची कथा अधिक गमतीची आहे. ‘इंडियन रेड’ नावाचा तांबूस-तपकिरी रंग होता. ते नाव आले होते हिंदुस्थानातल्या मातीतून मिळणाऱ्या एका रंगद्रव्यावरून. पण अमेरिकन मुलांना वाटे की तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या, रेड इंडियनांच्या कातडीचा रंग आहे. शिक्षकांनी तक्रारी केल्या आणि १९९९ मध्ये तो ‘चेस्टनट’ झाला. माती आपली, नाव कोलंबसाच्या चुकीत अडकलेले, आणि अपमान तिसऱ्याचाच! लेबले अशीच फिरतात.

लेबल आधी येते आणि चेहरा त्याच्यामागून काढला जातो, याचे आमच्या मुलखातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून तो इथे आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर पुरून उरला. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारली. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली होती, ही परंपरा सर्वांना माहीत आहे.

या अंबरची मोगल चितारींनी काढलेली दोन चित्रे पाहण्यासारखी आहेत. एक अबुल हसनचे, साधारण १६१६ चे, आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडके काळे, जवळ घुबड. गंमत अशी की अंबर तेव्हा धडधाकट जिवंत होता आणि पुढे दहा वर्षे बादशहाला झोप लागू देणार नव्हता. तो १६२६ मध्ये वारला, आणि तोही बाणाने नव्हे. दुसरे चित्र हाशिमचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात एक वयस्क माणूस एका बाजूने दिसतो. पांढरा जामा, हातात तलवार, अंगाने भरलेला, नजर शांत. कातडी इथेही काळीच. हाशिमने ती उजळ केली नाही, लपवली नाही, तिचे भांडवलही केले नाही. काळ्या रंगाचा एक रुबाबदार माणूस त्याने काढला, इतकेच.

एकच माणूस, एकच काळ, एकच दरबार. पहिल्या चित्रात ‘हबशी’ हे लेबल काढले आहे, दुसऱ्यात अंबर काढला आहे. चित्रकथेच्या टीकेला याहून अधिक चांगले माप आम्हाला सापडलेले नाही. कोणत्याही चित्रकथेतले पात्र घ्यावे आणि विचारावे की हे अबुल हसनचे आहे की हाशिमचे. आणि हेही ध्यानात ठेवावे की पहिले चित्र मुसलमान बादशहासाठी मुसलमान चितारीने मुसलमान शत्रूचे काढले होते. हा खेळ धर्म पाहून खेळला जात नाही.

जाता जाता लेबलांचा आणखी एक नमुना. नगरजवळच्या डोंगरावर जी इमारत ‘चाँदबिबीचा महाल’ म्हणून सहलीच्या मुलांना दाखवतात, तो सलाबतखानाचा मकबरा आहे. शूर राणीचे नाव चिकटले, बिचाऱ्या सलाबतखानाला कोणी विचारत नाही.

पाश्चात्य कॉमिकमध्ये या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी सुरू झाली, कारण तिथे अपराध उघडा होता. १९३४ मध्ये ली फॉक आणि फिल डेव्हिस यांनी मँड्रेक जादूगार आणला, त्याच्यासोबत लोथार. हा आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांचा राजपुत्र, पण अंगात बिबट्याचे कातडे, डोक्याला फेझ टोपी आणि बोलणे मोडकेतोडके. १९६५ नंतर फ्रेड फ्रेडरिक्सने चित्रे काढायला घेतली तेव्हा लोथारला नीट कपडे आणि नीट भाषा मिळाली. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून १९९० पर्यंत हे सगळे आपल्याकडे आणले, मराठीतही आणले. आमच्या पिढीला ते अंक रद्दीच्या दुकानात मिळाले.

फॅंटमच्या, म्हणजे वेताळाच्या गोष्टीत मूळ नावे होती बेंगाला आणि सिंग चाचे. इंद्रजालच्या संपादकांनी त्याचे डेंकाली आणि सिंगा केले. बंगाली आणि शीख वाचकांना ती नावे खटकतील हे त्यांना चटकन कळले. लेबल लागते, जखम करते, हे ठाऊक असल्याशिवाय कोणी असा बदल करीत नाही. मात्र त्याच जंगलात वेताळाचे निष्ठावंत बुटके लोक राहतात आणि त्या टोळीचे नाव आहे ‘बांदार’. उर्दू किंवा हिंदी जाणणाऱ्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. पण त्या टोळीचा कोणी वर्गणीदार नव्हता.

मुसलमान पात्रे अमेरिकन कॉमिकमध्ये आली ती बरीच उशिरा. २००२ मध्ये एक्स-मेनमध्ये डस्ट नावाची अफगाण मुलगी आली, खरे नाव सूरैया कादिर, धुळीचे वादळ होण्याची तिची शक्ती. हेतू चांगला होता. परंतु तिच्या अंगावर काळा अरबी नकाब आणि तोंडी ‘तुराब’ हा अरबी शब्द. अफगाणिस्तानात दरी आणि पश्तो बोलतात, तिथला बुरखा निळा आणि जाळीचा. अरब आणि अफगाण यांत काही फरक असतो हे रंगवणाऱ्याच्या गावी नव्हते. ‘मुसलमान’ हेच त्याच्या लेखी एक वंश होते. चांगल्या हेतूने काढलेले चित्रही अबुल हसनचे असू शकते, ते असे.

त्यामानाने कमला खान हे पात्र फार पुढचे. २०१३ मध्ये ते प्रथम दिसले, २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ ही तिची स्वतंत्र मालिका निघाली. जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी आईबापांची ही मुलगी. तिच्या जडणघडणीत संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोघी मुसलमान स्त्रिया होत्या, चित्रे एड्रियन अल्फोना यांची. २०१५ मध्ये पहिल्या संग्रहाला ह्युगो पुरस्कार मिळाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातला एकच प्रसंग सांगतो. तिला रूप बदलण्याची शक्ती मिळते तेव्हा नकळत ती पहिल्यांदा बनते सोनेरी केसांची, गोरी, उंच कॅरल डॅनव्हर्स. वीरांगना म्हणजे तसेच दिसायचे असते, हे तिच्याही मनात बसलेले. मग त्या देहात तिला अवघडल्यासारखे होते, केस तोंडावर येतात, पोशाख टोचतो. हळूहळू ती स्वतःच्या चेहऱ्याने लढायला शिकते आणि आपला पोशाख शिवते तो बुर्किनीतून. आमच्या वर्गातल्या मुलांच्या ‘स्किन कलर’बद्दल इतके समर्पक भाष्य आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

तरीसुद्धा कमला खान आमच्या दौंडच्या मुलीच्या उपयोगी पडेल का, याविषयी आम्हाला शंका आहे. अमेरिकेत मूळ प्रश्न असा होता की समाजात काळे, तपकिरी, पिवळे लोक होते आणि कॉमिकमध्ये ते नव्हते, किंवा विदूषक म्हणून होते. तेव्हा त्यांना चित्रात आणणे, त्यांचा रंग खरा दाखवणे हा उपाय ठरला. जिथे फरक होता तो चित्राने झाकला होता. आमच्याकडे उलटे आहे. शिरूरच्या बाजारात भाजी विकणारा बागवान आणि त्याच्याकडून घेणारा मराठा शेतकरी शेजारी उभे करावेत आणि रंगावरून, नाकावरून ओळखून दाखवावेत. ओळखता येणार नाहीत. सावळे दोन्हीकडे, गोरे दोन्हीकडे. जिथे फरक नव्हता तिथे चित्राने तो तयार केला. अमेरिकेच्या रोगावरचे औषध म्हणून एखादा ‘मुस्लिम सुपरहिरो’ आमच्याकडे काढला, तर त्याला ओळखू यावा म्हणून टोपी, सुरमा, हिरवा रंग द्यावा लागेल, आणि फरक पुन्हा पक्काच होईल. २००४ मध्ये मुंबईचा स्पायडरमॅन काढला गेला, पवित्र प्रभाकर त्याचे नाव. तो भारतीय आहे हे कळावे म्हणून त्याला धोतर दिले! मुंबईत धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारा तरुण कोणी पाहिला असेल तर त्याने कळवावे. आमचा मुसलमान वीर याच वाटेने जाईल अशी भीती आहे.

चित्राने तयार केलेला फरक कागदावर राहिला असता तर एका शिक्षकाने त्याच्यावर इतके लिहायचे कारण नव्हते. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत जी दंगल उसळली ती अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून. जून २०१४ मध्ये महाराजांची विटंबना करणारी चित्रे कोणीतरी फेसबुकवर टाकली आणि पुण्याच्या हडपसरमध्ये सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुणाला जमावाने ठार मारले. तो नमाज पढून परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला टोपी होती आणि दाढी होती. जमावाला जाम्याची गाठ शोधावी लागली नाही. दौंडहून पुण्याला जाणारी बस हडपसरवरूनच जाते. आमची मोठी मुले पुण्याला कॉलेजात जायला लागली की त्यांच्या आया त्यांना दाढीबद्दल काय सांगतात, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

येथवर दुसऱ्यांच्या चित्रांविषयी झाले. आता आपल्या.

तिसरा मुसलमान चित्रात का नाही, याचे अर्धे उत्तर आपल्याकडेच आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात मुसलमान कोण होता? मुलाणी. गावगाड्यात त्याचे काम ठरलेले, त्याचा हक्क ठरलेला. जत्रेला बोकड हलाल करायला त्यालाच बोलवायचे. डोक्याला पटका, कमरेला धोतर, बोली गावाचीच. शिवाय तांबोळी, आतार, पिंजारी, शिकलगार, मोमीन, बागवान, मण्यार. ही माणसे आमच्या कोणत्या चित्रात आहेत? उर्दूतल्या मुलांच्या मासिकांमध्ये शहजादे गोरेपान, शहजाद्या चाँद का टुकडा. आमच्या लग्नाच्या बोलण्यांत ‘लडकी साफ रंग की’ हे पहिले वाक्य असते. आपण चित्रात मोगल मागितला, कारण शेख-सय्यद-मोगल-पठाण या चार लेबलांखाली उभे राहायला आपल्याला बरे वाटले. १९९४ मध्ये शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीनंतर शासनाने मुस्लिम ओबीसी जातींना सवलती दिल्या, तेव्हा दाखला काढायला तालुक्याला जाताना आपल्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा घराण्याचे खरे नाव कागदावर लिहावे लागले. कित्येकांनी ते लाजत लिहिले. मग चित्रकाराने मुलाणी काढला नाही तर त्याला दोष कसा द्यावा? आपणच त्याला बसायला बोलावले नव्हते.

नावांची यादी आणि चित्र यांतला फरक आमच्या शिरूरवाल्यांना तर चांगलाच कळायला हवा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण शिरूरच्याच छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेकाठी लढली. तिथल्या स्तंभावर नावे कोरली आहेत. त्यांत ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत, त्यांच्या पराक्रमाची ती खूण आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. त्याच दगडावर मराठा नावे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदीही आहे. समोर पेशव्यांकडून लढणाऱ्यांत अरब होते. दगडावर एवढी माणसे मावली, फलकावर दोन रंगच मावतात.

मग काढायचे कसे? अभावाविषयी खूप लिहून झाले, एका कृतीविषयी लिहितो. २०११ मध्ये ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांच्या जीवनातले प्रसंग काढले, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. या चित्रकारांनी पाने चौकटींत कापली नाहीत. आणि आमच्या विषयाचे मर्म त्यांनी एका युक्तीत पकडले. त्यांची माणसे गोंड रीतीने काढलेली आहेत, मोठा डोळा, बाजूने दिसणारा चेहरा. छळणारा काळा आणि सोसणारा गोरा, किंवा उलट, असा हिशेब तिथे नाही. फरक केला आहे तो संवादांच्या फुग्यांत. जे प्रेमाने बोलतात त्यांचा फुगा पाखराच्या आकाराचा. ज्यांच्या बोलण्यात जातीचे विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. एक माणूस आज नांगीने बोलेल, उद्या पाखरासारखा बोलू शकेल. चेहऱ्याला ही सोय नसते.

या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात प्रवास आहे आणि त्यात दौलताबादही येते. प्रसंग १९३४ चा, आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिलेला. सहकाऱ्यांसह ते किल्ला पाहायला गेले. दिवस रमजानचे. दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. त्याच्यामागून जमाव. शिव्यांना सुमार राहिला नाही. आंबेडकरांनी त्यांना विचारले की हाच तुमचा धर्म का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही का? कोणी उत्तर दिले नाही. मग हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ल्यात सोडले, पाण्याला कुठे हात लावू नये म्हणून.

इथेही दाढी आहे आणि ती पांढरी आहे. तिला काळी करून, डोळे मोठे करून, अंगरखा हिरवा करून हा म्हातारा गनीम बनवता येईल, आणि मग आपले वाचक नेहमीप्रमाणे रागावून पान उलटतील. दाढी होती तशी ठेवून, चेहरा आपल्या मोहल्ल्यातल्या कोणा बुजुर्गाचा ठेवून, नांगी फक्त त्याच्या शब्दाला लावली तर पान उलटणे कठीण जाईल. आमच्यातल्या कोणी मुलांसाठी मराठीत किंवा उर्दूत चित्रकथांची माला काढायला घेतली, तर हा प्रसंग पहिल्याच अंकात घ्यावा, असे आमचे मत आहे. मुलाणी दुसऱ्या अंकात चालेल.